विद्यार्थ्यांचे निबंध आणि यंत्राची लेखणी

क्षिप्रा नदी उज्जयिनीस उत्तराभिमुख होऊन वाहते आणि तिच्या पूर्व तीरावर, शहराच्या अंगाला, रामघाटाच्या दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. पैलतीरी दत्त आखाड्याचा घाट आहे. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीस आला म्हणजे, येथे सिंहस्थाचा मेळा भरतो. मागील सिंहस्थ २०१६ साली झाला, पुढील २०२८ साली व्हावयाचा आहे. अशा स्थळाच्या आसपास ज्या शाळा आहेत, त्यांतील शिक्षकांनी ‘रामघाटावरील एक संध्याकाळ’ हा विषय निबंधासाठी विद्यार्थ्यांस घालावा, यात नवल काहीच नाही. नवल आहे ते एवढेच की, आजचा विद्यार्थी हा विषय वहीत उतरवून घेतो, घरी जातो, आणि घाटाकडे न फिरकता, किंबहुना लेखणीही न उचलता, मिनिटभराच्या अवधीत पाचशे शब्दांचा, शुद्धलेखनाच्या फारशा चुका नसलेला, आरंभ, मध्य आणि शेवट यथास्थित असलेला निबंध मोबाइलवर तयार करून घेऊ शकतो.

अमेरिकेतील ओपनएआय या संस्थेने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे साधन सर्वांसाठी खुले केले, आणि त्यापाठोपाठ निरनिराळ्या कंपन्यांची तत्सम साधने आली. शिक्षणक्षेत्रात जी खळबळ उडाली तिचा पहिला उद्गार मनाईचा होता. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने जानेवारी २०२३ मध्ये शाळांच्या संगणकजाळ्यावर या साधनास बंदी घातली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती उठविली. जे साधन विद्यार्थ्याच्या खिशात आहे आणि जे घरी, बसमध्ये, मैदानावर सर्वत्र चालते, त्याच्यावर शाळेच्या चार भिंतींत हुकूम चालविणे किती निष्फळ आहे, हे त्या पाच महिन्यांत कळून आले. तेव्हा बंदी की मुभा, एवढ्यापुरता हा वाद मर्यादित ठेवून भागत नाही. हे यंत्र लिहिते म्हणजे नेमके काय करते, आणि विद्यार्थी लिहितो म्हणजे नेमके काय करतो, या दोन गोष्टींचा उलगडा झाल्याखेरीज या प्रश्नाचा निकाल लागणे शक्य नाही.

प्रथम यंत्राची गोष्ट. या साधनांच्या मुळाशी जी रचना आहे ती ‘ट्रान्स्फॉर्मर’ या नावाने ओळखली जाते आणि गूगलमधील संशोधकांनी ती २०१७ साली एका शोधनिबंधात मांडली. पुस्तके, वृत्तपत्रे, ज्ञानकोश, इंटरनेटवरील पाने असा अफाट मजकूर यंत्रापुढे ठेवला जातो. त्या मजकुराचे शब्दांहूनही लहान असे तुकडे पाडले जातात, त्यांना टोकन म्हणतात. आणि इतके तुकडे आले असता त्यांच्यापुढे कोणता तुकडा येण्याचा संभव अधिक आहे, याचा अंदाज करण्याची तालीम यंत्रास दिली जाते. अंदाज चुकला की यंत्रातील संख्यांची जुळणी किंचित बदलावयाची, पुन्हा अंदाज करावयाचा, पुन्हा बदलावयाची, असे हे काम अगणित वेळा चालते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जीपीटी-३ या प्रतिमानात अशा जुळणीच्या संख्या १७५ अब्ज होत्या, यावरून त्या खटाटोपाच्या विस्ताराची कल्पना यावी. पुढे, माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांच्या आधारे या प्रतिमानास सभ्य, सुसंगत आणि विचारणाऱ्यास रुचेल असे उत्तर देण्याचे वळण लावतात. या साऱ्या परिश्रमाचे फळ विलक्षण आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. परंतु त्या फळाचा धर्मही ओळखला पाहिजे. अशा विषयावर लोक सामान्यतः काय लिहितात, याचे सार या यंत्रापाशी आहे. तुम्ही काय पाहिले, याचा लेशही त्याच्यापाशी असू शकत नाही.

याची प्रचीती कोणासही घेता येईल. रामघाटाविषयी अशा साधनाकडून जे निबंध मिळतात, त्यांत ‘रामघाट हा केवळ एक घाट नसून श्रद्धा, संस्कृती आणि इतिहास यांचा त्रिवेणी संगम आहे’ अशा घाटाचे एक वाक्य बहुधा आरंभी असते. मग मावळतीची सोनेरी किरणे, घंटानाद, पाण्यावर तरंगणारे दिवे आणि आरतीचा सुगंध यांचा परिच्छेद येतो. आणि शेवटी मनाला लाभलेली अवर्णनीय शांती असते. आता या निबंधातील ‘रामघाट’ हा शब्द खोडून तेथे नाशिकचे रामकुंड लिहा, वाईचा गणपती घाट लिहा, अथवा पैठणचा नागघाट लिहा. निबंधाच्या अंगावर ओरखडाही उठत नाही. नाव बदलल्याने ज्या वर्णनाचे काहीच बिघडत नाही, त्याने त्या स्थळाविषयी काहीच सांगितलेले नसते, असे खुशाल समजावे. शिक्षकांस आणि विद्यार्थ्यांस मी ही एक कसोटी आवर्जून सुचवितो. तिला कोणतेही उपकरण लागत नाही, आणि ती यंत्राने लिहिलेल्या निबंधास जितकी लागू आहे तितकीच माणसाने पाठांतराने लिहिलेल्या निबंधासही लागू आहे.

जो विद्यार्थी प्रत्यक्ष घाटावर जाऊन बसेल आणि जाणत्या माणसांशी दोन शब्द बोलेल, त्याच्या हाती काय लागेल? उन्हाळ्यात क्षिप्रेचा स्वाभाविक प्रवाह अगदी क्षीण होतो, आणि म्हणून नर्मदेचे पाणी उपसून नळांवाटे इंदूर जिल्ह्यातील उज्जैनी गावाजवळ, क्षिप्रेच्या उगमापाशी, आणून सोडण्याची योजना २०१४ साली कार्यान्वित झाली, ही हकिकत त्याला कळेल. इंदूर शहराचे सांडपाणी वाहून आणणारी कान्ह नदी उज्जयिनीच्या वरच्या अंगास क्षिप्रेस मिळते, आणि पर्वस्नानापूर्वी ते पाणी वळविण्याची चिंता प्रशासनास वाहावी लागते, हे त्याच्या कानी येईल. पावसाळ्यात पूर आला म्हणजे घाटावरील लहान देवळे बुडतात, त्या पाण्याच्या खुणा त्याला दिसतील. एवढे समजल्यावर ‘पवित्र क्षिप्रा निर्मळपणे वाहते’ हे वाक्य त्याच्या लेखणीतून सहजासहजी उतरणार नाही. ज्या पाण्यात भाविक स्नान करीत आहेत ते कोणत्या नदीचे, आणि पावित्र्य पाण्याचे की स्थळाचे, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहील. हा प्रश्न ज्या क्षणी उभा राहिला त्या क्षणी निबंध सुरू झाला. त्यापूर्वी जे होते ती निव्वळ शब्दांची आरास होती.

यंत्राच्या मजकुरात आणखी एक धोका आहे. संभवनीय वाक्य आणि सत्य वाक्य यांत भेद करण्याची अंगभूत सोय त्याच्या रचनेत नसल्यामुळे, ते खरे व खोटे सारख्याच आत्मविश्वासाने सांगते; न झालेल्या घटना, न लिहिलेली पुस्तके, न दिलेले निवाडे यांचे दाखले ते तारीखवार पुरविते. न्यूयॉर्कमधील एका संघराज्य न्यायालयात वकिलांनी या साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले सादर केले आणि जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांस ५,००० डॉलरांचा दंड ठोठावला. व्यवसायात मुरलेल्या वकिलांची जेथे ही गत, तेथे नववीतील विद्यार्थ्याने महाकालेश्वराच्या इतिहासाविषयी यंत्राने दिलेले सन पारखून घ्यावेत अशी अपेक्षा कशी करावी? पारखण्यासाठी आधी काहीतरी ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक करून घेण्याचा मार्ग म्हणूनच तर निबंध लिहावयास सांगितलेला असतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, आपले लेखन दुसऱ्याकडून करवून घेण्याची वहिवाट जुनीच आहे, मग यंत्राने काय अपराध केला? आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्याला उत्तर शोधण्यासाठी उज्जयिनीहून अधिक योग्य स्थळ सापडणे कठीण. राणोजी शिंदे यांनी अठराव्या शतकात उज्जयिनीस आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आणि १८१० साली दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरीस राजधानी हलवीपर्यंत शिंदेशाहीच्या कारभारात या शहराचे स्थान मोठे होते. त्या काळी मराठी दौलतीचा कारभार मोडी कागदांवर चाले, आणि ते कागद सरदार स्वतः लिहीत नसत. सरदाराने मजकूर सांगावा, कारकुनाने मसुदा करावा, चिटणिसाने तो तपासावा, मग शुद्ध प्रत व्हावी आणि अखेरीस मोर्तब व्हावे, असा तो शिरस्ता होता. मजकूर जेथे संपला तेथेच मोर्तब उठवीत, जेणेकरून मागाहून कोणी त्यात अक्षर वाढवू नये. आणि पुष्कळ पत्रांत कारकुनाच्या वळणदार अक्षराखाली खुद्द धन्याच्या हातच्या, कित्येकदा ओबडधोबड, अशा दोनचार ओळी आढळतात. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडून जे ४५ खंड संपादिले, त्यांतील कागदांचे महत्त्व ज्यांना कळते, त्यांना हेही कळते की, लेखणी कारकुनाची असली तरी त्या कागदातील निर्णय, तपशील आणि जोखीम ही पत्र पाठविणाऱ्याची होती. कारकुनाला मजकूर सांगावा लागे. आणि मजकूर सांगण्यासाठी तो आधी मनात तयार असावा लागे.

आक्षेपाचे उत्तर येथेच आहे. ज्याच्यापाशी स्वतःचा मजकूर आहे, त्याने तो लिहिण्याच्या कामी साहाय्य घेतले तर त्यात अप्रामाणिकपणा नाही. एखादा अनुभवी अधिकारी अहवालाची भाषा यंत्राकडून नीट करून घेतो, एखादा शास्त्रज्ञ परभाषेतील आपला शोधनिबंध त्याच्याकडून तपासून घेतो, तेव्हा तो त्या जुन्या शिरस्त्यासच अनुसरत असतो. परंतु विद्यार्थी हा सरदाराच्या जागी नाही. तो दप्तरातील उमेदवार आहे. पूर्वी उमेदवार वर्षानुवर्षे कित्ता गिरवी, नकला करी, मसुद्याच्या चुकांबद्दल बोलणी खाई, आणि असे करता करता कोणता मुद्दा आधी यावा, कोणता शब्द कोणास लागेल, काय लिहावे आणि काय लिहू नये, याची जाण त्याच्या अंगी मुरे. त्याच्या नकलेची सरकारास गरज असे ती थोडी. त्या नकलेने तयार होणाऱ्या माणसाची गरज मोठी असे. शाळेतील निबंधाचीही हीच कथा आहे. ‘रामघाटावरील एक संध्याकाळ’ या विषयावरील चाळीस निबंधांची जगात कोणासही निकड नाही. ते लिहिणाऱ्या चाळीस मुलांमध्ये लिहिताना जो बदल घडतो, त्याची निकड सर्वांना आहे. यंत्र निबंध पुरविते आणि तो बदल तेवढा गाळते.

बाळाजी आवजी चिटणीस यांची एक आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. शिवछत्रपतींनी एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले होते. कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी पत्र वाचून दाखविण्यास फर्माविले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून, अस्खलित आणि यथायोग्य मायन्यासह, संपूर्ण पत्र वाचून दाखविले. कागद कोरा आहे हे उघडकीस आल्यावर महाराजांनी रागावण्याऐवजी त्यांची तारीफ केली, असे सांगतात. कथा शब्दशः खरी असो वा नसो, पिढ्यान् पिढ्या ती सांगितली गेली याचे कारण उघड आहे: लेखनविद्येचे खरे स्थान कागदावर नसून लिहिणाऱ्याच्या ठिकाणी आहे, ही गोष्ट तिने इतक्या थोडक्यात पटविली. आपण विद्यार्थ्याला निबंधाविषयी दोन प्रश्न तोंडी विचारावे आणि त्याला त्यांचे उत्तर देता येऊ नये, ही आजची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. कागद भरलेला आहे आणि लिहिणाऱ्यापाशी काही नाही.

लिहिताना माणसामध्ये बदल घडतो, असे मी वर म्हटले. तो कसा घडतो याचे अतिशय सूक्ष्म विवेचन ज्या लेखकाने केले, त्याचे विद्यार्थिदशेतील पुष्कळसे आयुष्य उज्जयिनीतच गेले, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली श्योपूर येथे झाला; वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते; घराणे मराठी, परंतु गजाननरावांनी लेखन हिंदीत केले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील नामवंत कवी व समीक्षक झाले. १९४३ सालच्या ‘तार सप्तक’ या प्रसिद्ध संग्रहातील सात कवींत मुक्तिबोधांसमवेत प्रभाकर माचवे हेही होते, आणि हे दुसरे मराठी घरातील हिंदी लेखक उज्जयिनीच्या माधव महाविद्यालयात अध्यापन करीत. मुक्तिबोधांच्या १९६४ साली निघालेल्या ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकात ‘तीसरा क्षण’ नावाचा एक लेख आहे. कलेचे तीन क्षण असतात, असे त्यात प्रतिपादन केले आहे. जीवनातील एखाद्या उत्कट अनुभवाचा तो पहिला क्षण. तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे एका कल्पनाचित्राचे रूप धारण करतो तो दुसरा. आणि ते चित्र शब्दबद्ध होऊ लागते तेथपासून ते पूर्ण होईपर्यंतची सारी गतिमान प्रक्रिया म्हणजे तिसरा. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही की, या तिसऱ्या क्षणाला मुक्तिबोध नकलेचे काम समजत नाहीत. शब्दांशी झगडताना मूळ चित्रही बदलते, त्यात भर पडते, काही गळते, आणि अखेर जी कृती सिद्ध होते ती आरंभीच्या चित्राची प्रतिकृती नसते, असा त्यांचा सिद्धांत आहे.

हा सिद्धांत थोर कवींपुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही. आठवीतील मुलाच्या वहीतही तो तंतोतंत खरा ठरतो. समजा, घाटावर एक मुलगा दोरीला लोहचुंबक बांधून, भाविकांनी नदीत टाकलेली नाणी बाहेर काढीत आहे, आणि आपला विद्यार्थी ते पाहून घरी लिहावयास बसला आहे. तो प्रथम लिहितो, ‘एक मुलगा पाण्यात खेळत होता.’ त्याला वाटते, छे, तो खेळत नव्हता. तो खोडतो आणि लिहितो, ‘एक मुलगा पैसे गोळा करीत होता.’ हेही त्याला पटत नाही. पैसे गोळा करणे म्हणजे लोकांकडून मागणे असे कोणी समजेल. ‘शोधत होता’ लिहावे, तर त्याचे ते पैसे हरवले होते असे होईल. मग ‘नाणी काढीत होता’ असे तो लिहितो, आणि लिहिता लिहिता थबकतो: ही नाणी कोणाची? ज्याने टाकली त्याची नव्हेत, कारण त्याने ती अर्पण केली. नदीची म्हणावीत, तर मग हा मुलगा चोर ठरतो काय? आणि तो शाळेच्या वेळी येथे का असतो? घाटावर असताना यांतील एकही प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात आला नव्हता. क्रियापद निवडण्याच्या अडचणीतून ते एकामागून एक निघाले. हा जो अर्धा तास त्याने तीन वाक्ये खोडण्यात घालविला, तोच निबंधाचा सर्वांत फलद्रूप अर्धा तास होता. आणि यंत्र विद्यार्थ्याचा वेळ वाचविते असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा वाचतो तो नेमका हाच अर्धा तास.

आता काही जण म्हणतील की, शिक्षकांनी यंत्राची लबाडी यंत्राकडूनच पकडावी. हा उपाय दिसतो तितका भरवशाचा नाही. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये यंत्रलिखित मजकूर ओळखणारे एक साधन काढले होते. संस्थेच्याच सांगण्याप्रमाणे यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी अवघा २६ टक्के मजकूर ते बरोबर हेरी आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घेई. अचूकपणा अपुरा म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली अशा अनेक साधनांची परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्रलिखित ठरविले. कारण सरळ आहे: परक्या भाषेत लिहिणारा परिचित शब्द व साधी रचना यांना धरून चालतो, आणि हीच संभवनीयता म्हणजे यंत्राची खूण, असे ती साधने समजतात. म्हणजे घरी मराठी, शाळेत हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी, असा तीन भाषांतून वाट काढणारा माळव्यातला प्रामाणिक विद्यार्थीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहण्याची भीती अधिक.

आपल्याकडील नियमही या नव्या प्रसंगास पुरे पडत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम जारी केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावयाचे. ६० टक्क्यांपर्यंत असल्यास वर्षभर सादर करण्यास मनाई. आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द. या सर्व पायऱ्या दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्यावर उभारलेल्या आहेत. यंत्राचा निबंध मात्र बहुधा कोठल्याही एका पुस्तकातून उतरविलेला नसतो. तो दर वेळी नव्याने जुळविला जातो आणि साम्याच्या तपासणीतून सहीसलामत सुटतो. चोरीचा माल मिळत नाही, फिर्यादी कोणी नाही, आणि तरीही विद्यार्थ्याचे नुकसान झालेले आहे, अशी ही विचित्र स्थिती आहे. म्हणून या प्रश्नाकडे गुन्हा आणि शिक्षा यांच्या चौकटीतून पाहण्यापेक्षा शिक्षणाच्या हेतूतून पाहणे अधिक श्रेयस्कर.

त्या हेतूने पाहिले असता यंत्राचा सदुपयोगही दिसू लागतो, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. ज्या मुलाच्या घरी निबंध वाचून दाखवावा असे कोणी नाही, शिकवणीचे पैसे भरण्याची ऐपत नाही, त्याला आपला मसुदा रात्री नऊ वाजता कोणास तरी दाखविता येणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘माझ्या या निबंधात कोणता मुद्दा अपुरा आहे? माझ्या मताच्या विरुद्ध बाजूने काय म्हणता येईल? येथे माझे वाक्य दुर्बोध का झाले?’ असे त्याने विचारावे, आणि मिळालेल्या उत्तराची रुजुवात करून निबंध स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावा. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये या विषयावर जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात वर्गात अशा साधनांच्या वापरासाठी किमान १३ वर्षांची वयोमर्यादा सुचविली आहे. लहान वयात जपणूक आणि पुढे विचारपूर्वक वापर, हे तिचे धोरण मला योग्य वाटते. क्रम मात्र चुकता कामा नये. आधी स्वतःची टिपणे, मग स्वतःचा कच्चा मसुदा, त्यानंतर यंत्राची टीका, आणि अखेरीस पुन्हा स्वतःचीच लेखणी. शिवाय कोठे, किती साहाय्य घेतले याची दोन ओळींत स्पष्ट नोंद. मसुद्यापूर्वी यंत्राकडे गेलेला विद्यार्थी त्याच्या वाक्यांच्या वळणात अडकतो, आणि मग स्वतःला काय म्हणावयाचे होते हे त्याला कधीच कळत नाही.

अशा नोंदीचे महत्त्व रामघाटावरच समजावून देता येईल. तेथील तीर्थोपाध्यायांपाशी यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेल्या आहेत. यात्रेकरूने गाव आणि कुळ सांगितले की उपाध्याय ती वही काढतात, आणि पणजोबा येथे आले होते तेव्हाचा लेख नातवंडा-पतवंडांपुढे उघडतात. वही उपाध्यायांची असते, लेखाची रीतही त्यांचीच असते. परंतु नावे, नाती आणि खाली केलेली सही ही यजमानाची असते, आणि त्या सहीवरच पुढच्या पिढीचा विश्वास बसतो. मी हे पाहिले, मी हे सांगतो, आणि याबद्दल मला विचारा, एवढे ज्याला आपल्या लेखनाखाली निःशंकपणे म्हणता येते, त्याने साधने कोणती वापरली हा प्रश्न दुय्यम ठरतो.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची आहे असे मात्र कोणी मानू नये. यंत्राचा निबंध आपल्या परीक्षांत खपतो, याचे कारण आपण आजवर तसल्याच निबंधास गुण देत आलो. ठरावीक प्रस्तावना, दोन सुभाषिते, एक कवितेची ओळ, आणि शेवटी उज्ज्वल भवितव्याची आशा, असा साचा बाजारातील मार्गदर्शिकांनी फार पूर्वीच रूढ केला होता. महाराष्ट्राच्या दहावीच्या मराठीच्या परीक्षेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे चांगले प्रकार ठेवले असूनही, मुले तेथे पाठ केलेले परिच्छेद उतरवितात, हे प्रत्येक परीक्षकास ठाऊक आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक काढले. त्यांच्या मतांशी कोणाचा कितीही विरोध असो, त्या अंकांतील एकही पान दुसऱ्या कोणाचे आहे असे वाटत नाही. निबंधाची ही प्रतिष्ठा शाळेत शिरता शिरता कोठे हरपली, याचा विचार आपण शिक्षकांनी आणि परीक्षा मंडळांनी करावयास हवा.

उपाय अवघड नाहीत, कष्टाचे आहेत. निबंधाचे काही गुण टिपणांस आणि खाडाखोड असलेल्या पहिल्या मसुद्यास द्यावे. विषय असा द्यावा की त्यासाठी विद्यार्थ्याला घराबाहेर पडून काही पाहावे, कोणास तरी काही विचारावे लागेल. निबंध तपासल्यावर प्रत्येकास त्याच्याच लेखनावर एक प्रश्न तोंडी विचारावा. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे दर आठवड्यास शक्य नाही, हे उघड आहे. म्हणून निबंधांची संख्या कमी करावी आणि प्रत्येकावर अधिक वेळ खर्चावा. नाशिक आणि उज्जयिनी येथील सिंहस्थ आता जवळ आले आहेत. गोदावरीच्या आणि क्षिप्रेच्या काठच्या शाळांनी त्या निमित्ताने वर्षभर एकेका घाटाची निरीक्षणे मुलांकडून लिहवून घेतली, तर पाणी, स्वच्छता, व्यापार आणि लोकाचार यांविषयी जी माहिती गोळा होईल ती कोणत्याही यंत्राच्या भांडारात आज नाही.

यंत्रे दिवसेंदिवस अधिक चांगले लिहू लागतील आणि नाव बदलण्याची आजची कसोटीही कदाचित त्यांच्यापुढे टिकणार नाही. तरीही मुलांना लिहावयास शिकविण्याचे आपले कारण त्यामुळे रतिभरही कमी होत नाही. ज्याला स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही, त्याला दुसऱ्याचे म्हणणे तपासताही येत नाही. आणि उद्याच्या नागरिकापुढे माणसाने लिहिलेला व यंत्राने लिहिलेला मजकूर एकाच वेशात येऊन उभा राहणार असल्यामुळे, तपासण्याची ही शक्ती त्याला आपल्याहून अधिक लागणार आहे. ती देण्याचे काम शाळेचे आहे, आणि ती देण्यासाठी मुलाच्या हाती लेखणी देऊन, त्याने पहिले वाईट वाक्य लिहीपर्यंत धीराने थांबण्यावाचून दुसरा मार्ग नाही.